हैदराबादच्या फळ्यावर मुनीमजींचं टिंब

पाच तासांत पाच माणसांनी मला फळ्यासमोर उभं केलं, आणि एकानंही माझी फाइल बघायला मागितली नाही. चांगली काळी, चेनवाली फाइल होती. दहावीच्या गुणपत्रिकेपासून नागपूरच्या कंपनीच्या दाखल्यापर्यंत सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, साल पाहून लावलेलं. नागपूरला गाडीत बसलो तेव्हापासून हैदराबाद येईपर्यंत मी ती उशाशी घेऊन झोपलो होतो. पहिल्या खोलीत शिरल्याबरोबर ती टेबलावर ठेवली, तर समोरचा पोरगा हसून म्हणाला, "वो रहने दीजिए, मार्कर लीजिए." मला वाटलं, आपलं इथंच आटोपलं.

हे दोन हजार सहा सालचं. मी एकोणचाळीस वर्षांचा होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, पण कुठलाही कॉम्प्युटर सुरू केला की त्यात तिचं काही ना काही दिसायचंच, एवढी मोठी. जागा सीनियर सॉफ्टवेअर डेव्हलपरची. नागपूरची आमची पंधरा माणसांची कंपनी दिवाळीनंतर बंद होणार होती, आणि माझं-सुनंदाचं, म्हणजे बायकोचं, सरळ ठरलं होतं. ही नोकरी मिळाली तर हैदराबाद, नाही तर गावी, जामला जाऊन दादाच्या टायरच्या दुकानात बसायचं. जामच्या चौकात आमचं दुकान वडिलांपासूनचं आहे. येणारे-जाणारे ट्रक तिथं थांबतातच, त्या धंद्याला मरण नाही. दादा तर माझी वाटच पाहत होता. मला टायरची लाज नव्हती हो. पण बारा-तेरा वर्षं ज्या कामाचं वेड घेतलं, ते गुंडाळून माळ्यावर टाकायला मन घेईना. निघताना सुनंदा म्हणाली, "जाऊन या. नाई झालं तं टायर आहेतच ना." तिनं धीर द्यायला म्हटलं होतं. माझी झोप उडाली.

बाहेरच्या माणसाला ही मुलाखत कळायची नाही, म्हणून थोडं सांगतो. आपल्याकडं मुलाखत म्हणजे टेबलाच्या पलीकडं तिघं, अलीकडं तुम्ही, आणि 'तुमच्या जिल्ह्यात तालुके किती?' तिथं तसलं काही नाही. एक खोली, एक पांढरा फळा, एक माणूस आणि पाऊण तास. कॉम्प्युटरच्या नोकरीच्या मुलाखतीत कॉम्प्युटरच नसतो. समोरचा एक प्रश्न सांगतो, ऐकायला अगदी साधा, आणि तुम्ही त्याचा प्रोग्रॅम हातानं फळ्यावर लिहायचा. तोही बोलत बोलत. तुमच्या डोक्यात काय चाललंय ते त्याला ऐकू आलं पाहिजे, नुसतं उत्तर नको. मी जन्मभर तोंड मिटून काम केलेला माणूस. घरी सुनंदानं विचारलं, कशाचा विचार करून राह्यले, तर 'काही नाही' म्हणायचो. तिथं 'काही नाही' चालत नव्हतं.

पहिला प्रश्न सुटला. दुसरा ओढून ताणून सुटला. तिसऱ्या खोलीत एक टक्कल पडलेले गृहस्थ होते, त्यांच्यापुढं मी सपशेल आपटलो. पंचवीस मिनिटं झाल्यावर म्हटलं, सर, मला नाही येत. ते खुर्चीवरून उठले, दुसरा मार्कर घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पूर्ण उत्तर मलाही येत नाही. कुठपर्यंत जमतं बघू." मी बघतच राहिलो. ज्याचं उत्तर स्वतःला येत नाही असा प्रश्न विचारणारा परीक्षक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आमच्या कॉलेजात मास्तरांना येत नसलेला प्रश्न विचारला तर वर्गाबाहेर जावं लागायचं. आम्ही दोघांनी मिळून अर्धं गणित सोडवलं. वेळ संपली तेव्हा ते खरोखर हळहळले. उरलेलं अर्धं राहून गेलं म्हणून.

पाचव्या खोलीत लावण्या होती. असेल सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. पायात रबरी चपला, केस पेन्सिल खोचून बांधलेले. मला सरळ 'मनोहर' म्हणाली. कंपनीत सगळे सगळ्यांना नावानंच हाक मारतात हे मला सकाळीच कळलं होतं, तरी मान आपोआप मागं वळली, दुसरा कोणी मनोहर आला की काय. तिचा प्रश्न इंग्रजीत होता, मी आपल्या भाषेत सांगतो.

"आपल्याकडं हजार मशीन आहेत. सगळी मिळून एक काम करतात. त्यातल्या एका मशीननं उत्तर देणं थांबवलं. ते बंद पडलंय का, हे कसं ओळखशील?"

मला हायसं वाटलं. हे तर रोजचंच. मी झपाझप लिहिलं. त्या मशीनला हाक मारायची. उत्तर नाही आलं तर परत हाक. तीन हाका झाल्या, ठरलेला वेळ गेला, की मशीन मेलं असं धरायचं आणि त्याचं काम दुसऱ्याला देऊन टाकायचं.

"ठीक," ती म्हणाली. "पण ते मेलेलं नव्हतं. नुसतं कामात अडकलं होतं. तू त्याचं काम दुसऱ्याला दिलंस, आणि आता ते परत आलंय. काय करशील?"

मी मार्कर उचलला आणि हात तिथंच थांबला. तीन हाका. ठरलेला वेळ. मग रद्द. हे मी आधी लिहिलं होतं. अगदी हेच, ओळीला ओळ. नऊ वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये बसून लिहिलं होतं, आणि त्यानं एका माणसाचा नंबर घालवला होता. आणि मी तोच शहाणपणा हैदराबादच्या फळ्यावर परत लिहून ठेवला होता. मला खरंच घाम फुटला. लावण्यानं विचारलं, "पाणी हवं का?" मी म्हटलं, "पाणी नको. एक गोष्ट सांगू का?" ती म्हणाली, "सांग."

मग मोडक्या इंग्रजीत आणि बऱ्याचशा हिंदीत मी तिला सांगितलं. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. त्या कारखान्याच्या शेठनी हौस म्हणून सत्त्याण्णव साली कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवायला मला. काचेची खोली, आत गारेगार, बाहेर पाटी, 'चपला काढून यावे'. हंगामात कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग फाटकातून पार रस्त्यापर्यंत जायची. दोन-दोन दिवस नंबर लागायचा नाही. तो नंबर सांभाळायचे वासुदेवजी मुनीम, लाल वहीत. नंबर पुकारला आणि माणूस जागेवर नसला, तर मागचा बंडीवाला सांगायचा, "बैलं पाण्यावर नेले त्यानं." मुनीमजी त्याच्या नावापुढं एक टिंब द्यायचे आणि पुढचा नंबर घ्यायचे. माणूस आला की त्याला आधी आत सोडायचे. रांग सरकली तर त्याची बंडी शेजारचा ओढून पुढं घ्यायचा. कोणी कुरकुर करत नसे, कारण उद्या आपलीही बैलं तहानणारच.

मी ही वही पाहून प्रोग्रॅम केला. नाव घेतलं, गाव घेतलं, नंबर घेतला. टिंब मला शाईचा डाग वाटला. माझ्या कॉम्प्युटरला दोनच गोष्टी ठाऊक होत्या, आला आणि नाही आला. भोंग्यावर तीन हाका, दहा मिनिटं, की नंबर रद्द आणि माणूस रांगेच्या शेपटाला. शेठ खूश झाले. तिसऱ्याच दिवशी शामराव नावाच्या एका शेतकऱ्याचा नंबर असा कापला गेला. तो बैलांना पाणी पाजून परत आला आणि मुनीमजींवर तुटून पडला. काचेतून मला दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. मुनीमजी मान खाली घालून उभे होते. मी बाहेर गेलो नाही.

टिंबाचा अर्थ मला हंगाम संपता संपता कळला. दुरुस्तीला चार ओळी पुरल्या असत्या. पण त्या लिहायच्या म्हणजे शेठजवळ चूक कबूल करायची, आणि माझं नवं लग्न, नवी नोकरी. त्या चार ओळी मी लिहिल्या नाहीत. पुढच्या हंगामाच्या आत नागपूरला नोकरी लागली, आणि मी सुटलो.

एवढं सगळं लावण्याला सांगून झालं. मी फळ्याकडं वळलो आणि 'जिवंत' आणि 'मेलं' या दोन रकान्यांच्या मधोमध तिसरा रकाना आखला. त्याच्या डोक्यावर नाव लिहायला शब्द सुचेना, म्हणून नुसतं टिंब दिलं. म्हटलं, उत्तर न देणाऱ्या मशीनला लगेच मारायचं नाही. आधी त्याच्या शेजारच्या मशीनना विचारायचं, तुम्हाला तो दिसला का? तोपर्यंत त्याची जागा राखायची आणि पुढचं काम चालू ठेवायचं. ती उठून आली. शेजाऱ्यानंच खोटं सांगितलं तर? शेजारीही गप्प झाला तर? ती विचारत गेली, मी पुसत आणि लिहीत गेलो. घड्याळ पाहिलं तेव्हा सव्वा तास झाला होता. ती म्हणाली, "मोठमोठ्या विद्यापीठांतल्या लोकांनी यावर वर्षानुवर्षं डोकं खपवलंय. त्यांचं उत्तर साधारण हेच आहे." जगभर पसरलेल्या हजारो मशीनचा तो कारभार, आणि त्याच्या पोटात आमच्या मुनीमजींचं टिंब. मुनीमजी सातवी पास होते.

मी मार्कर ठेवला. नोकरी मिळाली, असं मला त्या क्षणी वाटलं. खोटं कशाला बोलू? दार उघडता उघडता तिनं सहज विचारलं, "आणि त्या माणसाचं पुढं काय झालं?"

"कोणाचं?"

"ज्याचा नंबर गेला त्याचं."

मी म्हटलं, "माहीत नाही."

"नऊ वर्षांत विचारलं नाहीस?"

मी मान हलवली. तिनंही मान हलवली, हात मिळवला, आणि दहा-बारा दिवसांत कळवतो म्हणाली.

दिवाळी तोंडावर होती, म्हणून नागपूरला न जाता जामलाच उतरलो. दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पाच तास फळ्यावर? अन् जेवाले देलं का मधात?"

"देलं. फुकट. आइस्क्रीमसुद्धा."

"मंग झालं तं. नोकरी नाई लागली तरी तुहं नुकसान काय?"

मी दुकानात बसायला लागलो. ट्रकवाले येत, दादा जॅक लावी, मी नट मोजून डब्यात टाकी, आणि डोक्यात एकच. त्या माणसाचं पुढं काय झालं? आधी वाटलं, नोकरीच्या काळजीनं असं होतंय. मग कळलं की नोकरीचं मी विसरूनच गेलोय. आठव्या दिवशी दादाची मोटारसायकल घेतली आणि समुद्रपूरच्या पुढं शामरावांचं गाव विचारत गेलो. गाव लक्षात होतं. तेवढं वहीतून घेतलं होतं ना.

शामराव अंगणात कापूस वेचताना कमरेला बांधायच्या ओट्या शिवत बसले होते. सत्तरीला आले होते. मी जिनिंगचं नाव काढल्याबरोबर त्यांनी सुई थांबवली.

"त्या मुनीमाकडून आला का?"

"नाही, मी माझा आलो."

"मंग बस. त्याचं नाव माह्या अंगनात घेजो नको. माह्या पोरीचं साक्षगंध होतं दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, आज कापसाचं माप होते, रातच्याले घरी जातो. त्यानं नंबर कापला माहा. बंडी सोडून जातो तं पुन्हा कापन, म्हणून दोन दिवस जागचा हाललो नाई. पोरीचं साक्षगंध बापाबिगर झालं. पाव्हणे इचारत, बाप कुठं आहे? तं बाप रांगेत."

पोरीच्या साखरपुड्याचं मला आजवर ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, "शामरावजी, नंबर मुनीमजींनी नाही कापला. कॉम्प्युटरनं कापला. आणि तो कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम मी लिहिला होता."

त्यांनी सुई ओटीत खोचून ठेवली. शिवी देतील, उठून मारतील, असं वाटलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"वासुदेव काय करत होता मंग?"

"त्यांच्या हातात काही नव्हतं. कॉम्प्युटरचा कागद आला की त्यांना तो वाचून दाखवावा लागायचा."

"मंग बोलला काऊन नाई तो?" त्यांचा आवाज चढला. "आमी दोघं एका बाकावर शिकलो, माहीत आहे का तुले? नऊ वर्षं मी त्याले राम राम नाई घातला. त्याची बायको मेली, मी मातीले गेलो नाई. गावातले सगळे गेलते. मी वावरात बसून राह्यलो." मग ते उठून आत गेले. मला वाटलं, आता जावं. पण ते सदरा घालून, डोक्याला दुपट्टा बांधून बाहेर आले आणि म्हणाले, "चाल. गाडी काढ."

वासुदेवजी समुद्रपूरला बसस्टँडच्या मागं राहत. मुलगा-सून कामाला गेलेले, ते एकटेच ओसरीवर पेपर वाचत बसले होते. मोटारसायकलवरून कोण उतरलं ते चष्मा वर करून पाहिलं. उठले नाहीत. "ये शाम," म्हणाले. "चहा घेशीन?" जणू कालच भेटले होते.

शामराव उभेच. "मले सांगितलं काऊन नाई?"

वासुदेवजींनी माझ्याकडं पाहिलं आणि ओळखलं. "सांगितलं असतं तं तू याच्या काचेच्या खोलीत चपलेसकट घुसला असता. तुहा राग काय मले माहीत नाई? शेठनं त्याच दिवशी याले काढलं असतं. याचं लगन नुकतंच झालतं. अन् कंपूटरले शिव्या देऊन का फायदा? शिव्या खायले मानूसच लागते. मी होतो तिथं, खाल्ल्या."

"अन् नऊ वर्षं?"

"आता सांगाले तू बोलला तं पाह्यजे."

शामराव मटकन पायरीवर बसले. खाली मान घालून म्हणाले, "वयनीच्या मातीले मी आलो नाई, वासुदेव."

"माहीत आहे."

"तुले राग नाई आला?"

"आलता ना. मंग म्हटलं, बैलं पाण्यावर नेले असतील त्यानं."

शामराव दुपट्ट्यात तोंड घालून रडले. मोठ्यानं. मी तिथं कशाला होतो, मलाच कळेना. ज्या माणसानं माझी जिनिंगमधली नोकरी वाचवली, त्याचं नाव मी मुलाखतीत गोष्ट रंगवायला वापरून आलो होतो. माझ्या नोकरीसाठी त्यानं बालमित्र गमावला, बायकोच्या चितेपाशी त्याची वाट पाहिली, आणि मला साधी चिठ्ठी पाठवली नाही. लाज तर वाटलीच. पण त्याहून जास्त, खरं सांगतो, मी थक्क झालो होतो. हैदराबादेत ज्यांच्यापुढं मी दिपून गेलो त्या सगळ्यांची हुशारी एकीकडं आणि हा माणूस एकीकडं. वासुदेवजी चहा ठेवायला आत गेले. त्यांनी तीन कप आणले, तिसरा माझ्यासाठी.

चहा हातात घेतला आणि खिशातला मोबाइल वाजला. हैदराबादचा नंबर होता. मी अंगणाच्या टोकाला गेलो. लावण्याच बोलत होती. म्हणाली, "मनोहर, तुला घ्यायचं ठरलंय. पण एक सांगायचंय, वाईट वाटून घेऊ नकोस. सीनियरची जागा नाही देत आहोत. त्याच्या खालची देतोय. पाचही जणांनी बसून ठरवलं, पण तो शेरा माझा होता. कारण हवं असेल तर सांगते."

ओसरीवर दोघं म्हातारे शेजारी शेजारी बसून चहा पीत होते. मी म्हटलं, "कारण नको, मॅडम. दारातला तुमचा प्रश्न लक्षात आहे. बरोबर आहे तुमचं. कधी यायचं तेवढं सांगा."